तपासलेला पेपर परत देताना

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या तीन उत्तरपत्रिका एकदम माझ्यासमोर आल्या. वर्षअखेरीला गुणांची पडताळणी करायची होती म्हणून जुने गठ्ठे काढले होते. तिन्ही उत्तरपत्रिकांत बीजगणिताच्या गणिताखाली माझ्याच अक्षरात, लाल शाईत, एकच शेरा होता: 'चिन्हाकडे लक्ष दे.' मधे काही महिने गेलेले, पण मुलगा तोच, चूक तीच, शेराही तोच.

पहिल्यांदा मनात आलं, हा मुलगा ऐकत का नाही? मग खाली बसून त्याची गणितं ओळीओळीने वाचली. समीकरणातलं पद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना तो चिन्ह बरोबर बदलत होता. चुकत होतं वेगळ्याच ठिकाणी. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की कंस सोडवताना तो आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह तसंच ठेवायचा. ५ − (य − २) चं त्याच्याकडे ५ − य − २ व्हायचं. तिन्ही परीक्षांत, जिथे जिथे असा कंस आला, तिथे तिथे हेच. 'चिन्हाकडे लक्ष दे' वाचून त्याने चिन्हांकडे लक्ष दिलंही असेल. कोणत्या चिन्हाकडे आणि कधी, हे मी सांगितलंच नव्हतं.

त्याला बोलावून पाच मिनिटं बसवलं. कंसाबाहेरचं उणे म्हणजे उणे एकने गुणणं, आणि ते आतल्या प्रत्येक पदाला गुणतं, एवढंच त्याच्याच गणितावर बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, हे मला माहीतच नव्हतं." वर्गात मी ते शिकवलं होतं. त्याच्या चुकीसमोर बसून मात्र कधी दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून पेपर तपासण्याची आणि परत देण्याची माझी पद्धत हळूहळू बदलत गेली. आता ती बऱ्यापैकी स्थिर झाली आहे, म्हणून लिहून काढते आहे. उदाहरणं गणित-विज्ञानाची जास्त येतील, कारण मी तेच शिकवते. पण भाषा आणि इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनीही यातलं बरंच वापरून पाहिलं आहे.

पेपर गोळा केल्या केल्या

उत्तरपत्रिका गोळा झाल्या की मुलांना लगेच सोडू नका. पाच मिनिटं मागून घ्या. मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते आणि तीन गोष्टी लिहायला सांगते. कोणतं उत्तर नक्की बरोबर आलं असं वाटतं? कोणतं चुकलं असं वाटतं? आणि या परीक्षेची तयारी नेमकी कशी केली: वाचून, पाठ करून, की गणितं स्वतः सोडवून? या चिठ्ठीला गुण नाहीत आणि ती घरी दाखवली जाणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. तरच मुलं खरं लिहितात.

ही चिठ्ठी पुढे दोनदा कामाला येते. पहिला उपयोग तपासताना. 'नक्की बरोबर' म्हणून लिहिलेलं उत्तर साफ चुकलेलं असेल, तर तिथे निष्काळजीपणा नसतो, पक्की बसलेली चुकीची समजूत असते. अशा ठिकाणी वेळ घालवणं सगळ्यात जास्त फळतं. बटरफिल्ड आणि मेटकाफ या दोन संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला खात्री होती, ते बरोबर उत्तर समजल्यावर उलट जास्त चांगलं दुरुस्त होतं. धक्का बसतो, म्हणून लक्ष जातं. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुलं ठामपणे लिहितात की वनस्पती दिवसा फक्त प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन रात्रीच करतात. त्यांच्या चिठ्ठीत हाच प्रश्न 'नक्की बरोबर'च्या रांगेत असतो. त्यांना 'वनस्पतींचं श्वसन चोवीस तास चालू असतं' हे वाक्य चिठ्ठीसमोर ठेवून सांगितलं की ते विसरत नाहीत.

दुसरा उपयोग तयारीबद्दलच्या प्रश्नाचा. तो शेवटी सांगते.

तपासताना

एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका तपासून मग दुसरी हातात घेणं मी सोडलं. आता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासते, मग सगळ्यांचा दुसरा. गुण देण्यात सारखेपणा राहतो हा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा म्हणजे एकाच प्रश्नाची पन्नास उत्तरं सलग वाचल्यावर चुकांचे नमुने आपोआप दिसायला लागतात. शेजारी एक वही उघडी ठेवते. प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान. चूक दिसली की थोडक्यात लिहायची, पुन्हा दिसली की पुढे एक रेघ. गठ्ठा संपतो तेव्हा परत देण्याच्या तासाची तयारी या वहीत झालेलीच असते.

चूक नोंदवताना ती कुठल्या जातीची आहे, हे ठरवायची सवय लावून घ्या. मी चार जाती मानते. पहिली, हातातून निसटलेली: मुलाला येत होतं, आकडा उतरवताना ६ चा ९ झाला, एकक लिहायचं राहिलं. दुसरी, अर्धवट आलेली: सूत्र बरोबर, पण ताशी ७२ किलोमीटर हा वेग तसाच सूत्रात घातला, त्याचे सेकंदाला २० मीटर करायचे राहिले, कारण बाकीची सगळी एककं मीटर-सेकंदात आहेत हे तपासायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तिसरी, पक्की चुकीची समजूत: १/२ + १/३ = २/५ लिहिणारं मूल आळस करत नसतं. वरचे वर आणि खालचे खाली मिळवायचे, असा त्याने स्वतःचा नियम बनवलेला असतो आणि तो मनापासून पाळत असतं. चौथी जात प्रश्न वाचण्याची आणि वेळेची. 'कारणे द्या' विचारलं आणि उत्तरात घटना क्रमाने सांगितल्या. किंवा शेवटचे दोन प्रश्न कोरे, कारण पहिल्या दोन गुणांच्या प्रश्नाला पान भरून उत्तर लिहिलं.

या चौघींना औषध एकच नसतं, म्हणून हा खटाटोप. निसटलेल्या चुकीवर समजावण्यात वेळ घालवायचा नाही, नुसती जागा दाखवली की मूल स्वतःच जीभ चावतं. समजुतीच्या चुकीवर 'पुन्हा सराव कर' लिहिणं मात्र घातक आहे. तो सराव चुकीच्या नियमाचाच होतो.

वहीतल्या रेघा कधीकधी माझ्याबद्दलही सांगतात. एकदा वेग-काल आलेखावरून विस्थापन काढायचा प्रश्न होता. ५२ पैकी ३८ जणांनी आलेखाखालचं क्षेत्रफळ काढण्याऐवजी रेषेचा चढ काढला. इतक्या मुलांनी एकच चूक केली, तर ती चूक शिकवण्याच्या वाटेवर कुठेतरी पडलेली असते. मी मागे वळून पाहिलं. आदल्या आठवड्यात अंतर-काल आलेख शिकवताना चढावर दोन तास घेतले होते आणि वेग-काल आलेखाचं क्षेत्रफळ शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं होतं. त्या प्रश्नावर मी एकाही उत्तरपत्रिकेत शेरा लिहिला नाही. वर्गात जाऊन सांगितलं की हे मी घाईत शिकवलं, आज पुन्हा शिकवते. साधारण निम्म्याहून जास्त वर्ग एखाद्या प्रश्नावर अडकला असेल, तर वैयक्तिक शेरे लिहिण्यात श्रम घालवू नका. तो धडा पुन्हा घ्या.

शेरा कसा लिहायचा

शेऱ्याबद्दल माझा एकच निकष आहे. तो वाचून मूल पुढच्या दहा मिनिटांत काहीतरी करू शकेल का? 'छान', 'अजून प्रयत्न हवा', 'अभ्यास वाढव', 'अक्षर सुधार', यातलं काहीही वाचून मुलाने पेन उचलून करायचं काय? निबंधावर 'विचार चांगले, मांडणी कमी पडते' असं लिहिण्यापेक्षा 'दुसऱ्या परिच्छेदात तीन मुद्दे आहेत, एकालाही उदाहरण नाही. कोणताही एक मुद्दा घे आणि त्याला चार ओळींचं उदाहरण लिही' असं लिहिलं तर मुलाला कामाला लागता येतं. शेरा मोठा होतो हे खरं. म्हणून तो एका उत्तरपत्रिकेत एकच, फार तर दोन लिहायचे. अकरा ठिकाणी लाल शाई दिसली की मूल एकही ठिकाण वाचत नाही. कोणती एक चूक सुधारली तर या मुलाला सगळ्यात जास्त फायदा होईल, हे ठरवणं हेच आपलं काम.

बाकीच्या चुकांचं काय? तिथे मी समासात नुसता ठिपका देते. त्या ओळीत काहीतरी चुकलं आहे, एवढाच अर्थ. काय चुकलं ते मुलाने शोधायचं. बरोबर उत्तर मी लिहून देत नाही. मी लिहिलं तर विचार माझा झाला, मुलाने फक्त वाचला. अगदी कच्च्या मुलासाठी ओळीऐवजी नेमक्या शब्दाखाली किंवा चिन्हाखाली ठिपका देते, म्हणजे शोधायची जागा लहान होते. हुशार मुलासाठी कधीकधी फक्त 'या पानावर दोन चुका आहेत' असं लिहिते.

वर्गात सारख्या येणाऱ्या चुकांना आकडे देऊनही वेळ वाचतो. समासात '३' लिहायचं आणि परत देण्याच्या दिवशी फळ्यावर आकड्यांचे अर्थ लिहायचे: ३ म्हणजे 'एककं सारखी करून घे आणि गणित पुन्हा सोडव'. पन्नास-साठ उत्तरपत्रिका असतात तेव्हा हाच मार्ग शक्य आहे. फक्त आकड्यासमोरचं वाक्य काम सांगणारं असावं, नुसतं चुकीचं नाव सांगणारं नको.

कौतुकही करायचं, पण कामाचं. 'तू हुशार आहेस' असं लिहिणं मी पूर्ण थांबवलं आहे. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत असं दिसलं की हुशारीबद्दल कौतुक झालेली मुलं पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली, आणि मेहनतीबद्दल कौतुक झालेली जास्त चिकाटीने टिकली. मला हे वर्गात दिसतं. 'हुशार' म्हणवलेलं मूल अवघड प्रश्नाला हात लावायला घाबरतं, कारण चुकलं तर ते बिरुद जाईल. त्याऐवजी लिहा: 'आकृती आधी काढलीस, म्हणून कोन बरोबर ओळखता आला.' पुढच्या वेळी काय पुन्हा करायचं ते यातून कळतं.

एक गोष्ट मनावर घ्यावी अशी आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या संशोधनांतले ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी घसरली होती. त्यांनी त्याचं जे कारण मांडलं, ते मला पटतं: अभिप्राय कामावरून माणसावर घसरला की त्याचा उपयोग कमी होत जातो. 'तू नेहमीच घाई करतोस' हे माणसावर आहे. 'तिसऱ्या ओळीपासून पायऱ्या गाळल्यास, तिथेच चूक शिरली' हे कामावर आहे. शेरा लिहून झाला की मी त्यात 'तू नेहमी', 'तुला कधीच' असे शब्द आहेत का ते बघते. असले तर खोडून पुन्हा लिहिते.

गुण त्या दिवशी सांगू नका

हे करायला मला सगळ्यात जास्त धीर गोळा करावा लागला. उत्तरपत्रिका हातात पडली की मूल काय करतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्या पानावरचा आकडा बघतं, शेजाऱ्याचा बघतं, मग उत्तरपत्रिका दप्तरात जाते. आतल्या शेऱ्यांचं पान उघडतही नाही.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सरस ठरली आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा झालाच नाही, म्हणजे गुणांच्या शेजारी बसल्यावर शेरा वाया गेला. मी रात्र-रात्र जागून शेरे लिहीत होते आणि स्वतःच त्यांच्या डोक्यावर गुणांचा आकडा ठेवत होते.

आता मी गुण माझ्या नोंदवहीत ठेवते. उत्तरपत्रिका परत जाते तेव्हा तिच्यावर फक्त ठिपके, आकडे आणि तो एक शेरा असतो. दुरुस्तीचं काम झाल्यावर, बहुतेक दुसऱ्या दिवशी, गुण देते. जिथे उत्तरपत्रिकेवर गुण लिहिणं सक्तीचं आहे, तिथे दुरुस्ती झाल्यावर लिहायचे, एवढाच फरक. पहिल्या वेळी मुलं नाराज होतात, 'आधी सांगा ना' म्हणतात. दुसऱ्या परीक्षेपर्यंत सवय होते. पालक विचारतात तेव्हा मी सरळ सांगते की गुण उद्या मिळतील, आज तुमचा मुलगा चुका शोधतो आहे. आजवर कोणी भांडलेलं नाही.

परत देण्याचा तास

हा तास परीक्षेनंतर जितका लवकर होईल तितका बरा. मी आठवड्याच्या आत धरते. तीन आठवड्यांनी मुलाला आपण काय विचार करून ते लिहिलं होतं हेच आठवत नाही, आणि दुरुस्ती त्या विचारातच करायची असते.

सगळा पेपर फळ्यावर सोडवून दाखवणं हा या तासाचा सगळ्यात वाईट उपयोग आहे, आणि मी तो अनेक वर्षं केला. ज्यांना आलं होतं ती मुलं कंटाळतात. ज्यांना आलं नव्हतं ती भराभर उतरवून घेतात, आणि उतरवताना विचार थांबलेला असतो. आता चाळीस मिनिटांतली पहिली पंधरा मी फळ्यावर घेते आणि फक्त दोन किंवा तीन प्रश्न घेते, वहीत ज्यांच्यापुढे सर्वात जास्त रेघा आहेत ते.

बरोबर उत्तर मात्र आधी लिहीत नाही. एक चुकीचं उत्तर लिहिते, माझ्या अक्षरात, दोन-तीन उत्तरपत्रिकांतलं मिसळून, म्हणजे ते कोणाचं हे कळणार नाही. मग विचारते: "हे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल?" चूक कुठे आहे, हे नंतर. आधी विचार. या एका प्रश्नाने वर्गाचा सूर बदलतो. मुलं चुकीला हसण्याऐवजी तिच्यातला तर्क शोधतात. ज्याने तशी चूक केली आहे ते मूलही हात वर करून उत्तर देतं, कारण त्याला तो तर्क नेमका माहीत असतो.

काही चुका बोलून जात नाहीत. बल्बमधून गेल्यावर विद्युतधारा कमी होते, असं एका वर्षी एकवीस जणांनी लिहिलं होतं. बल्ब धारा 'वापरतो' असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. मी परत देण्याच्या तासाला एक विद्युतघट, एक बल्ब आणि दोन ॲमीटर घेऊन गेले. एक ॲमीटर बल्बच्या आधी, एक नंतर. जोडणी करण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला. दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले तेव्हा वर्ग गप्प झाला. मग ऊर्जा आणि धारा यांतला फरक समजावायला सहा-सात मिनिटं पुरली. तेच मी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर एकवीस वेळा लिहूनही पोचलं नसतं.

उरलेली पंचवीस मिनिटं मुलांची. उत्तरपत्रिका वाटते आणि दुसऱ्या रंगाच्या शाईने दुरुस्ती करायला सांगते. माझी शाई लाल, त्यांची हिरवी. ठिपक्याजवळची चूक शोधायची, शेजारी बरोबर करायची आणि खाली एका वाक्यात लिहायचं: 'मी असं समजलो होतो की…' हे वाक्य महत्त्वाचं. नुसतं बरोबर उत्तर शेजाऱ्याचं बघूनही लिहिता येतं, हे वाक्य बघून लिहिता येत नाही. शेजाऱ्याशी बोलायला परवानगी असते, फक्त उत्तर सांगायचं नाही, कुठे बघायचं ते सांगायचं.

दुरुस्ती झाली की माझ्याकडे यायचं आणि त्याच जातीचा एक नवा प्रश्न न्यायचा, आकडे बदललेला. हे प्रश्न मी आधी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेले असतात, प्रत्येक मोठ्या चुकीसाठी पाच-सहा. तो सुटला तरच चूक गेली असं मानायचं. हा टप्पा वेळ नाही म्हणून गाळायचा मोह होतो. गाळायचंच असेल तर फळ्यावरचा एक प्रश्न गाळा, हा नको.

दुसऱ्या दिवशी गुण दिले की त्यांवरून वाद होतोच. बेरीज चुकली असेल तर मी त्याच क्षणी दुरुस्त करते आणि माफी मागते. उत्तराला गुण कमी पडले असं कोणाला वाटत असेल, तर त्याने त्याबद्दल दोन ओळी लिहून आणायच्या: माझ्या उत्तरात कोणता मुद्दा आहे, ज्याचा गुण मिळायला हवा. लिहिताना बहुतेकांना स्वतःलाच कळतं. आणि काहींचं म्हणणं खरं असतं, तेव्हा मी गुण वाढवते आणि वर्गात का वाढवले तेही सांगते.

एकेकाशी बोलताना

प्रत्येकाशी बोलायला वेळ मिळत नाही. मुलं दुरुस्ती करत असताना मी सहा-सात जणांजवळ जाऊन बसते, प्रत्येकाजवळ दोन मिनिटं. कोण, ते तपासतानाच ठरवलेलं असतं. अगदी कमी पडलेले, अचानक घसरलेले, आणि वरच्या पायरीवर येऊन थांबलेले.

मी आधी बोलत नाही. "कुठे अडलं असं तुला वाटतं?" असं विचारते आणि थांबते. ही शांतता आपल्यालाच जड जाते. पण घाईने बोललो की मूल मान डोलावतं आणि खरं कारण आतच राहतं. एका मुलीने असंच थोड्या वेळाने सांगितलं की तिला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, दोन महिने ती शेजारणीच्या वहीतून उतरवत होती. तिच्या उत्तरपत्रिकेवर 'उतरवताना चुका' असा शेरा मी जवळजवळ लिहिलाच होता.

अगदी कमी गुण मिळालेल्या मुलाशी बोलताना सगळ्या पेपरबद्दल बोलू नका. असा एक प्रश्न शोधा, जो त्याच्यापासून एकाच पायरीवर आहे, आणि तो तिथेच, तुमच्या समोर, त्याच्याकडून सोडवून घ्या. 'पुढच्या वेळी नक्की येईल' या आश्वासनापेक्षा 'आत्ता आलं' हे त्याला जास्त बळ देतं. आणि एक गोष्ट तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगा: मी हे सगळं तुला सांगते आहे, कारण तू हे करू शकशील असं मला वाटतं. आपण धरून चालतो की हे मुलाला कळतंच. कळत नाही. ज्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं लाल शाईच आली आहे, त्याला शेरा म्हणजे शिक्षक आपल्याला कमी लेखतात याचा आणखी एक पुरावा वाटतो.

पैकीच्या पैकी किंवा त्याच्या आसपास गुण मिळवणाऱ्या मुलांना आपण बहुधा काहीच सांगत नाही. तीही वर्गात शिकायलाच आलेली असतात. त्यांना मी विचारते, "हे दुसऱ्या रीतीने सुटेल का?" किंवा "यातला कोणता आकडा बदलला तर तुझी रीत मोडेल?" अशा प्रश्नावर त्यांचे डोळे चमकतात.

रडणाऱ्या मुलाला त्या तासाला काहीही समजावू नका. पाणी पिऊन येऊ द्या, उत्तरपत्रिका तुमच्याकडे ठेवून घ्या, दुसऱ्या दिवशी बोला.

पुढची परीक्षा येईपर्यंत

आता त्या चिठ्ठीतला तिसरा प्रश्न. दुरुस्तीच्या शेवटी मुलांना त्यांची परीक्षेच्या दिवशीची चिठ्ठी परत देते. 'तयारी कशी केली' याचं स्वतःचंच उत्तर आणि समोरची उत्तरपत्रिका ते शेजारी शेजारी ठेवतात. ज्याने 'चार वेळा वाचलं' असं लिहिलं आहे आणि गणितं कोरी सोडली आहेत, त्याला फार बोलावं लागत नाही. चिठ्ठीच्या मागे त्याने दोन ओळी लिहायच्या: पुढच्या वेळी कोणती एक चूक टाळणार, आणि त्यासाठी तयारीत काय बदलणार. 'जास्त अभ्यास करीन' मी स्वीकारत नाही. 'पुस्तक मिटून रोज तीन गणितं सोडवीन' चालतं. चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायची.

परीक्षेच्या दिवशी जे गैरहजर होते, किंवा परत देण्याच्या तासाला नव्हते, त्यांची नावं मी माझ्या चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते आणि आठवड्याभरात एकदा मधल्या सुट्टीत त्यांना बोलावते. हे राहूनच जातं, म्हणून लिहावं लागतं.

पुढच्या परीक्षेच्या आदल्या तासाला मुलांना त्यांच्या वहीचं पहिलं पान उघडून दोन मिनिटं वाचायला लावते. त्या परीक्षेचा गठ्ठा तपासायला घेताना मागच्या वेळची चुकांची वही मी शेजारी ठेवते. एखाद्याची मागची चूक या वेळी दिसली नाही, तर त्या जागी लाल शाईत लिहिते: 'कंस बरोबर सोडवलास. मागच्या वेळी इथेच अडला होतास.' आणि तीच चूक पुन्हा दिसली, तर तोच शेरा पुन्हा लिहीत नाही. त्या मुलाचं नाव बाजूला काढते. त्याच्याशी समोर बसून बोलायचं असतं.